प्रश्न उद्भवत नाही

नागपूरला अधिवेशन भरायचे दिवस आले की मला अंगात बारीक कणकण असल्यासारखं होतं. खरं तर बाहेर हवा किती छान असते. तुरी शेंगांनी लवलेल्या असतात, कपाशीची वेचणी चाललेली असते, आणि गाड्यांतून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना लटकत राहतो. इथं जालन्यात मस्तगडावरच्या दुकानांत कानटोप्या टांगल्या जातात. अशात टीव्हीवर कुणीतरी सांगतं की विरोधकांनी आज सरकारला धारेवर धरलं, आणि माझ्या मनात लगेच चौकशी सुरू होते. कुणी धरलं, किती वेळ धरलं, आणि त्याच संध्याकाळी चहा कुणाबरोबर घेतला?

माझा स्वभावच संशयी. दूधवाल्यानं माप भरून दिलं तर याला आज काय झालं असं वाटतं. शाळेत माझा तीस पोरांचा वर्ग गप्प बसलेला दिसला तर मी आधी मागच्या बाकाखाली वाकून बघते. आमच्या घरचे म्हणतात, ही जन्मतःच अशी. मी मात्र याची सुरुवात एका हिवाळ्यापाशी नेऊन ठेवली होती, आणि इतकी वर्षं त्या हिवाळ्याचा दोष एका माणसाच्या माथी मारून मोकळी झाले होते.

जालना जिल्हा नवा नवा झाला होता. लोकांना अजून पत्त्यात ‘जिल्हा औरंगाबाद’ लिहायची सवय होती. मी मामाकडे राहून कॉलेजात शिकत होते. मस्तगडावर एका कापडदुकानाच्या वर आमच्या भागातल्या आमदारांचं ऑफिस होतं. आमदार विरोधी पक्षाचे, त्यामुळे तिथं गर्दी बेताचीच. एक टेबल, दोन बाकं, भिंतीला लाकडी कपाट, आणि खालून सतत येणारा नव्या मांजरपाटाचा वास. माझं अक्षर चांगलं म्हणून मामांनी मला तिथं लावून दिलं. काम एकच, साहेबांचे विधानसभेतले प्रश्न सुवाच्य अक्षरात लिहून काढायचे.

त्या प्रश्नांची एक भाषा असते. ती एकदा हाताला लागली की सुटत नाही. अमुक गावचा रस्ता वाहून गेला आहे, हे खरे आहे काय? असल्यास, दुरुस्तीबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? दुष्काळ असो की वाकलेला विजेचा खांब, सगळं या तीन खणांत बसवायचं. उत्तरंही तशीच यायची. हे खरे नाही. आणि पहिलंच खरं नाही म्हटल्यावर पुढच्या दोन्हींना मिळून एक ओळ, प्रश्न उद्भवत नाही. साहेब ती उत्तरं आलेल्यागेलेल्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. ज्याच्या गावचा पूल पडलेला असायचा तोसुद्धा हसायचा. मला मात्र हसू यायचं नाही. हे सगळं दोन्ही बाजूंनी मिळून चाललंय की काय, अशी शंका मला पहिल्याच आठवड्यात आली होती.

शंकेला कारणंही होती. साहेब कोऱ्या फॉर्मांवर आधीच सह्या करून गठ्ठा माझ्याकडे देत आणि म्हणत, “लिहून टाका नंदाबाई. वाकडंतिकडं असंल तर मंत्री सरळ करतील.” मग काडीनं दात कोरत जीपमध्ये बसून निघून जात. मी लिहिलेलं ते वाचत नसत. ज्या माणसाच्या नावावर इतके प्रश्न जातात त्याला त्यातला एक तरी ठाऊक असेल का, असं मला वाटायचं. त्यात पेपरात एकदा फोटो आला. विधानभवनाच्या पायऱ्यांवर साहेब, आणि ज्या मंत्र्यावर ते सभागृहात कडाडले अशी बातमी होती तोच मंत्री शेजारी. दोघांच्या हातात कपबशा. दोघंही खुशीत. तो फोटो मी कापून वहीत ठेवला. कशासाठी ठेवला, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

दिवाळीच्या सुट्टीत कचरू गुरुजी आले. मला चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलं होतं. माझं अक्षर ही त्यांचीच कमाई. चुकलेली वेलांटी ते पुसू देत नसत, खाली पुन्हा पूर्ण ओळ लिहायला लावत. आमच्या गावच्या बौद्धवाड्यातले ते पहिले शिक्षक, आणि खटपटीनं त्यांनी नेमणूक आपल्याच गावी मिळवली होती. कारण घरात आई होती. तिची दृष्टी पार गेलेली. ती त्या घरात भिंतीला हात लावत चुलीपासून रांजणापर्यंत, रांजणापासून दारापर्यंत बरोबर फिरायची. दुसऱ्या घरात तिचं काही चाललं नसतं. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. हसनाबादच्या पलीकडचं एक गाव, एवढं पुरे. जास्तीचा तपशील लिहायची मला भीती वाटते, आणि ती का वाटते ते आता सांगतेच आहे.

गुरुजी बाकाच्या टोकावर बसून सांगू लागले. उन्हाळ्यातल्या वावटळीत शाळेच्या एका खोलीचे पत्रे उडाले होते. कागदोपत्री दुरुस्ती होऊन गेली होती. प्रत्यक्षात वर आभाळ होतं. पावसाळाभर तिसरी-चौथीची पोरं मारुतीच्या पारावर बसली, कारण पाराला वर पिंपळ आणि बाजूला देवळाची पडवी होती. पोरांचं निभलं. पण गुरुजी पारावर बसू लागतील म्हणून दोन-तीन जुनी माणसं कुरकुरली. उघड कुणी काही बोललं नाही. गुरुजी मात्र तेव्हापासून पारावर चढले नाहीत. पोरं वर बसायची, आणि हे खाली चिखलात छत्री धरून उभे राहून पाढे म्हणून घ्यायचे. अख्खा पावसाळा. हे ते मला असं सांगत होते की जणू बसची वेळ सांगताहेत. मला एवढा राग आला की हातातली लेखणी मी टेबलावर आपटली.

त्यांनी लिहून काहीच दिलं नाही. कागद मागं राहतो म्हणाले. उठता उठता फक्त एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली. “खोलीवर पत्रे पडले तर बास झालं. माझं नाव कुठं यायला नको, नंदा. बदली केली त माय मरंल माही.”

मी त्यांना शब्द दिला. नाव येणार नाही. आणि खरंच मी ते येऊ दिलं नाही.

त्या दिवशी दुपारी मी प्रश्न लिहायला घेतला. गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांचा ठसका येत होता. पहिला खण लिहिला आणि मला त्याचं उत्तर डोळ्यांसमोर दिसू लागलं. हे खरे नाही. पत्रे टाकले आहेत, प्रश्न उद्भवत नाही. बाकीच्यांच्या गावचे पूल असे बुडाले होते, पण गुरुजींचा पावसाळा असा बुडू द्यायचा नाही असं मी ठरवलं. मंत्र्याला नाही म्हणताच येऊ नये असं काहीतरी हवं होतं. आणि ते माझ्याकडे होतं. बोलता बोलता गुरुजी सांगून गेले होते की ज्या ज्या दिवशी पारावर बसावं लागलं त्या त्या दिवशी हजेरीपटाच्या कोपऱ्यात ते लाल शाईनं नोंद करत. ‘पाऊस. शाळा पारावर.’ मी दुसरा खण लिहिला. तशी नोंद त्या वर्गाच्या हजेरीपटात लाल शाईने करण्यात आली आहे, हेही खरे आहे काय? लिहून झाल्यावर मी तो कागद लांब धरून पाहिला. इतका पक्का प्रश्न त्या ऑफिसातून कधी गेला नव्हता. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. सही खाली आधीच होती.

नागपूरहून छापील उत्तर आलं. हे खरे नाही. दुसरंही खरं नाही. प्रश्न उद्भवत नाही. मी तो कागद फाइलला लावला आणि चिडून दोन दिवस साहेबांशी धड बोलले नाही. हे उभे तरी राहिले असतील का, असं मनात घोळत राहिलं. उत्तर कागदावर आलं म्हणजे नुसतं सभागृहाच्या पटलावर ठेवलं असेल. हे बाहेर कपबशी घेऊन उभे असतील.

संक्रांतीच्या सुमारास गुरुजी पुन्हा जिना चढून आले. या वेळी ते बसले नाहीत. शाळा तपासायला माणसं आली होती, त्यांनी बाकी काही न बघता हजेरीपट तेवढा मागून घेतला. पाठोपाठ बदलीचा हुकूम आला, परतूरच्या अंगाला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. साहेब त्या दिवशी ऑफिसातच होते. गुरुजींनी हुकूम टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “साहेब, माझं नाव कोणं सांगितलं तेवढं मला सांगा. मंग मी जातो.”

साहेबांनी फाइल मागितली. मी दिली. त्यांनी त्या प्रश्नाची आमच्याकडची प्रत काढली, चष्मा लावला आणि वाचली. मी त्यांना प्रश्न वाचताना पाहिलं ते तेव्हाच. फार वेळ वाचत होते. मग एकदा माझ्याकडे बघितलं. नंतर तो कागद दुमडून जाकिटाच्या खिशात घातला.

“सही माझी हाये, गुरुजी,” ते म्हणाले. “चूक माझीच.”

रद्द करायला लावतो, उद्याच भेटतो, असंही ते म्हणाले. गुरुजी म्हणाले, बिलकुल नको, आता आणखी काही करू नका. चहा आला होता तो तसाच राहिला. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

मला तेवढा कबुलीजबाब पुरला. माणूस स्वतःच्या तोंडानं चूक माझी म्हणतो, आणखी काय हवं? दुसऱ्या दिवशी साहेब नसताना मी फाइल उघडली. तो कागद परत लावलेला नव्हता. पुरावासुद्धा ठेवला नाही, असं मी मनात म्हटलं, वहीतला कपबशीचा फोटो आठवला, आणि सगळं जुळलं. त्या शनिवारी मी काम सोडलं. गावी गेले आणि जो भेटेल त्याला सांगितलं. गुरुजींचं नाव साहेबांनीच मंत्र्याला दिलं, माझ्यासमोर कबूल केलं. मी ऑफिसातली, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन होतं. पुढच्या निवडणुकीत साहेबांची जीप गावात आली तेव्हा पारावरचं एकही माणूस उठून उभं राहिलं नाही. मी लांबून बघत होते आणि मला बरं वाटलं होतं. हे लिहायला जड जातंय, पण बरं वाटलं होतं. साहेब त्या खेपेला पडले, पुढं एकदा निवडून आले, मग थकले.

गुरुजींची आई परतूरकडच्या भाड्याच्या खोलीत दुसरा हिवाळा काढू शकली नाही. भिंतीला हात लावत ती दार शोधायची आणि दाराच्या जागी तिला भिंतच लागायची. आपलं घर कोण्या अंगाला हाये, असं रोज दिवेलागणीला विचारायची. हे गुरुजींनीच मला एकदा बसस्टँडवर भेटले तेव्हा सांगितलं. म्हणाले, नंदा, तू त सांगितलं म्हणून कळलं तरी, न्हाई त जन्मभर मी त्या माणसाला साहेब साहेब म्हणत राह्यलो असतो.

या वर्षी पावसाळ्यात साहेब गेले. दिवाळीनंतर त्यांची मुलगी सुलभाताई माझं घर शोधत आली. आठवणींचं पुस्तक काढायचंय म्हणाली. मुंबईला खेटे घालून तिनं वडिलांच्या सगळ्या भाषणांच्या आणि प्रश्नांच्या छापील कामकाजातून झेरॉक्स काढून आणल्या होत्या. कापडात बांधलेला जाडजूड गठ्ठा. तारखेवार लावून द्याल का, तुम्हीही चार ओळी लिहाल का, असं तिनं विचारलं. बाबा तुमच्या अक्षराचं नेहमी सांगायचे, असंही म्हणाली. मला ते ऐकून संशयच आला. ज्या मुलीनं गावोगाव आपली बदनामी केली तिचं अक्षर कुणी आठवतं का? मी लिहीन म्हणाले नाही, पण गठ्ठा ठेवून घेतला. खोटं सांगत नाही, मला त्यात तो दिवस शोधायचा होता.

आठ दिवस सकाळच्या उन्हात खाटेवर पानं पसरून मी वाचत होते. जिथं साहेबांनी जोरात बोलल्याचं दिसलं तिथं मी पुढचं पान उलटून, नंतर माघार घेतली का ते बघितलं. जिथं प्रश्न होता तिथं पुढं ते स्वतः हजर होते का ते बघितलं. बहुतेक वेळा होते. मला ते आवडत नव्हतं. आमच्या ऑफिसात हसण्यावारी नेलेल्या उत्तरांवर हा माणूस तिथं उठून उपप्रश्न विचारत होता, अध्यक्ष खाली बसा म्हणत होते, हा बसत नव्हता. आणि त्या एवढ्या गठ्ठ्यात एका प्रश्नालाही सरळ ‘होय, हे खरे आहे’ असं उत्तर मला सापडलं नाही. फार तर अंशतः खरे.

मग ते पान आलं. माझा प्रश्न, माझे तीन खण. खाली मंत्र्याचं उत्तर. आणि त्याखाली, जे जालन्याला कधी पोचलंच नव्हतं ते. साहेब उठले होते. हजेरीपट मागवून बघा, म्हणाले होते. मंत्र्यानं उलट विचारलं होतं, एका वर्गाच्या हजेरीपटात कुठल्या शाईनं काय लिहिलं आहे हे सन्माननीय सदस्यांना कसं कळलं? ही माहिती कोणी पुरवली, ते सभागृहाला सांगावं. आणि पुढं साहेबांचं उत्तर छापलेलं होतं. मी स्वतः त्या शाळेत गेलो होतो. मी स्वतः पाहिले आहे.

साहेब गेले नव्हते. त्या पावसाळ्यात त्यांची जीप आमच्या गावाकडे फिरकलीसुद्धा नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याच्या शोधात होते ते मला मिळालं. साहेब खोटं बोलले होते. सभागृहात उभं राहून, लिहून घेतलं जात असताना, उघड झालं तर आमदारकी अडचणीत येईल असं खोटं. आणि ते कुणासाठी, हे कळायला आता माझ्यासारख्या संशयी बाईलाही वेळ लागला नाही.

खाटेवरची पानं वाऱ्यानं उडू लागली तरी मी उठले नाही. गुरुजींचं नाव कुणी सांगितलं नव्हतं. ते लाल शाईत होतं, आणि ती लाल शाई त्या कागदावर मी आणली होती. हजेरीपट कुणाच्या हातात असतो? साहेबांना ते सभागृहात त्या मंत्र्याच्या प्रश्नावर कळलं असणार, आणि ऑफिसात चष्मा लावून वाचताना ते कुणी लिहिलं तेही दिसलं असणार. कागद दुमडून खिशात घातला तो गुरुजींच्या नजरेला माझं अक्षर पडू नये म्हणून. निदान आता मला तसं वाटतं. त्यावर संशय घ्यायला मी खूप जागा शोधली, सापडली नाही. न वाचता सही करायची त्यांची चूक खरीच होती, आणि तेवढी त्यांनी कबूल केली. उरलेली त्यांनी खिशात घातली, आणि मी ती गावभर त्यांच्या नावानं वाटली.

गुरुजी आता हसनाबादला मुलाकडे असतात. रविवारी मी ते पान घेऊन त्यांच्याकडे गेले. गुरुजी अंगणात ऊन खात बसले होते, मांडीवर तुरीच्या शेंगा सोलायला घेतलेल्या. चष्म्यानंही आता भागत नाही म्हणाले, तू वाच. मी वाचलं. मंत्र्याचं वाचलं, साहेबांचं वाचलं. साहेबांची ती दोन वाक्यं त्यांनी मला पुन्हा वाचायला लावली.

“पण ते त आल्तेच न्हाई,” गुरुजी म्हणाले.

“न्हाई आल्ते.”

मग त्यांनी विचारलं, “ते हजेरीचं लिहायला तुला कोणं सांगितलं व्हतं?”

“कोणी न्हाई, गुरुजी. मीच लिहिलं.”

ते मला रागे भरतील असं वाटलं होतं. भरले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले आणि कुणाशी तरी तिसऱ्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, “साहेबाच्या मयतीला सारं हसनाबाद गेल्तं. मी एकटा घरी राह्यलो.”

निघताना मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला की नाही ते मला नीट कळलं नाही, बहुतेक ठेवला. दारापर्यंत आल्यावर मागून म्हणाले, “चुकलेलं पुसू नको. खाली पूर्ण लिव्ह.”

सुलभाताईला मी हे सगळं पाठवते आहे. हे तिच्या पुस्तकात बसेल की नाही, ठाऊक नाही. गठ्ठा तारखेवार लावला आहे, आणि त्या पानाच्या मागं एक कोरा कागद जोडला आहे. त्यावर माझ्याच अक्षरात तीन खण आहेत.

गुरुजींची नोंद प्रश्नात घालून त्यांची ओळख मीच उघड केली आणि दोष साहेबांना दिला, हे खरे आहे काय?

होय, हे खरे आहे.

असल्यास, याबाबत कोणती कार्यवाही केली?

एकाला सांगितलं. दुसऱ्याला सांगायचं राहून गेलं.

विलंबाची कारणे काय आहेत?

इथं लिहायची ओळ मला पाठ आहे. सकाळपासून ती लिहायला हात उचलते आहे आणि खाली ठेवते आहे. तेवढा खण कोराच पाठवते.